वेनब्रुकच्या शिवेचा राखणदार

ओल्वेन प्रीसने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले आणि पुढची चौदा वर्षं वेनब्रुक हाउसच्या मोठ्या दिवाणखान्यात लोकांना मार्क्विस या किताबाचा अर्थ सांगितला. आपल्या पुढ्यात काय वाढलं जातंय याची दोन्हीकडच्या मंडळींना फारशी पर्वा नसायची. ओल्वेनने मात्र दोन्ही कामं मन लावून केली.

वेनब्रुक हाउस म्हणजे आमच्या मार्क्विसचं घर. खोल्या एकशे चौदा, त्यांतल्या नव्वदांचं छप्पर गळतं. म्हणून ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत सहा कोरड्या खोल्या तिकीट लावून लोकांना दाखवतात. प्रत्येक खोलीत एक खुर्ची, खुर्चीवर गावातलं एक म्हातारं माणूस आणि त्याच्या खांद्यावर निळा पट्टा. या कामाचा पगार नाही. पण गावात त्याचा मान असा, की पट्ट्यासाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत. चर्चमागच्या मातीत एखादी जागा भरली, की हाउसमधली एखादी खुर्ची रिकामी व्हायची. ओल्वेनची खुर्ची दिवाणखान्यात, शेकोटीच्या उजव्या अंगाला होती.

तिचं भाषण तीन मिनिटांचं असायचं.

"मार्क्विस म्हणजे शिवेचा राखणदार," ती सुरू करायची. "जुन्या भाषेत 'मार्च' म्हणजे शीव, सरहद्द. आतल्या मुलखाची राजाला काळजी नसायची, तिथे कुठलाही अर्ल चालायचा. पण सरहद्दीवर शत्रू. तिथे बसवायचा तो माणूस खमका हवा. म्हणून त्याला फौज जास्त आणि मानही जास्त. ड्यूकच्या खाली, अर्लच्या वर. आपल्याकडे हा किताब फ्रान्सकडून आला, सव्वासहाशे वर्षं झाली त्याला. आल्या आल्याच भांडण लागलं. जुने अर्ल म्हणाले, हा कोण नवा आमच्या डोक्यावर आणून बसवला? पुढे एका सरदाराचा काढून घेतलेला हा किताब त्याला परत द्यायचं निघालं, तर त्याने हात जोडले. म्हणाला, हे नावच या देशात परकं आहे, मला नको."

इथे लोक हसायचे. मग कोणीतरी शहाणा विचारायचा, "मग तुमच्या मार्क्विसने कुठली सरहद्द राखली?"

याचं उत्तर ओल्वेनला दिलेल्या कागदावर नव्हतं. ती नुसतं भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवायची. चित्रात पहिला मार्क्विस काळ्या घोड्यावर बसून, तलवार उपसून वेल्सच्या डोंगरांकडे बघतो आहे. खरी हकिगत गावाला तोंडपाठ होती. हा गृहस्थ जन्मभर लंडनला राहिला. पार्लमेंटमधली चार मतं त्याच्या खिशात होती, ती त्याने वेळेवर प्रधानाच्या पारड्यात टाकली आणि त्याबद्दल राजाने त्याला शिवेचा राखणदार केलं. शिवेवर तो एकदाच यायला निघाला होता. गाडीच्या हिसक्यांनी पोटात ढवळलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत गेला. आणि ज्या शत्रूपासून शीव राखायची, तो १९४८ साली वेल्सहून बसने आला. हातात एक पेटी, डोक्यावर हॅट. गावातल्या सुताराशी लग्न करून इथेच राहिला. ती ओल्वेनची आई. तिला कोणी अडवलं नाही.

ओल्वेनचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगी ऑस्ट्रेलियात, ती नाताळात फोन करते. त्यानंतर ओल्वेनला उरले ते गुरुवार आणि रविवार, हाउसमधले तिचे दोन दिवस. गुरुवारी चार वाजता सगळे पट्टेवाले खालच्या जुन्या स्वयंपाकघरात चहाला जमायचे. जिन्याखाली बसणारी म्युरिल टेंच मनुकांचा केक आणायची आणि केक कोरडा झालाय असं दर गुरुवारी स्वतःच म्हणायची. बाकीच्यांनी छे छे म्हणायचं. या दोन दिवसांवर ओल्वेन बाकीचे पाच दिवस ढकलत होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आता गायरानाची गोष्ट.

गावाच्या पश्चिमेला एक लांबट गायरान आहे. त्यावर नासपतीची अकरा जुनी झाडं. ही नासपती खायची नव्हे. चावा घेतला तर तोंड आतून आवळून येतं. पण पबमागच्या दगडी चक्कीत तिचा रस काढून आंबवला, की जी पेरी नावाची दारू होते तिच्यासाठी आमची माणसं एरवी न बोलणाऱ्या भावाच्या घरीही जातात. ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी सगळं गाव लांब काठ्या घेऊन झाडं झोडपतं, आणि ज्याच्या-त्याच्या घरी पिंप जातं. झाडं कोणाची, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. ती गावाची होती.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी गायरानात नवंकोरं लाकडी कुंपण उभं राहिलं. अकरापैकी सात झाडं कुंपणाच्या आत गेली. झाडांखाली चार तंबू आले. तंबूत पितळी न्हाणीटब, पलंग आणि लंडनहून आलेली मंडळी. शहरातलं ऊबदार घर सोडून चिखलात झोपायला ही माणसं पैसे मोजतात, त्यांना कोण काय सांगणार. हे डोकं होतं इस्टेटीचा कारभारी जाइल्स हॅनम याचं.

गावाला संताप आला. आमच्याकडे संताप आला की माणूस हवामानावर बोलतो. त्या आठवड्यात वेनब्रुकमध्ये हवामानावर जेवढं बोलणं झालं, तेवढं वादळात चर्चचा कळस पडला तेव्हाही झालं नव्हतं. जाइल्स पबमध्ये आला तेव्हा खाटीक लेन बफ्टन त्याला म्हणाला, "लाकूड चांगलं वापरलंय हो कुंपणाला." जाइल्सने आभार मानले. लेनच्या मते त्याने कारभाऱ्याला चांगलंच सुनावलं होतं.

मग जिल्ह्याच्या कचेरीची नोटीस आली. गायरानाचा नकाशा नवा करायचा आहे. जुन्या नकाशावरची रेघ इतकी जाड होती, की सातही झाडं तिच्याखालीच बसत होती. तेव्हा गावाची शीव कुठून जाते याचा कोणाकडे पुरावा असेल तर त्याने जूनअखेर द्यावा, नाहीतर आज कुंपण आहे तीच शीव धरली जाईल.

क्लेमंट ग्विल्यम हा गावसभेचा चिटणीस. पोस्टातून निवृत्त झालेला, नेमस्त, सगळ्यांशी गोड. त्याने सभेच्या कपाटातून जुनी वही काढली. वहीत लिहिलं होतं, की गावाची शीव सात धोंड्यांवरून जाते. पूर्वी दर काही वर्षांनी, मे महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी सगळं गाव ही शीव फिरायचं. विलोच्या छड्यांनी एकेक धोंडा बडवायचं आणि गावातल्या एका पोराला उलटं धरून त्याचं डोकं प्रत्येक धोंड्यावर हलकेच आपटायचं. कागद हरवतो, नकाशा विटतो, पण डोकं आपटलेलं माणूस जागा विसरत नाही, असा त्यामागचा हिशेब. शेवटची फेरी १९६२ साली झाली होती. पाच धोंडे अजून उघड्यावर दिसतात, सातवा चर्चच्या फाटकाशी आहे. सहावा गायरानात, पण नेमका कुठे, ते वहीत नव्हतं.

क्लेमंटने ठरवलं की यंदा फेरी काढायची. ठरवलं ते उत्तम. मग त्याने जे केलं ते फक्त आमच्याच माणसाला सुचू शकतं. त्याने फेरीचं पुढारपण करायला मार्क्विसला निमंत्रण दिलं.

"ज्याने कुंपण घातलं, त्यालाच शीव दाखवायला बोलावलंस?" ओल्वेनने त्याला त्याच्या बागेच्या फाटकात गाठून विचारलं.

"मग काय, न बोलावता काढायची फेरी? किती वाईट दिसलं असतं."

"क्लेमंट, तुझ्या घरात चोर शिरला तर तू पोलिसांच्या आधी त्याला चहा विचारशील."

"तो आधी आलेला असला तर त्यालाच आधी विचारायला हवं ना," क्लेमंट म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. मग त्याने आवाज खाली आणला. "ओल्वेन, बासष्ट साली तू नऊ-दहा वर्षांची असशील. कोणाचं डोकं आपटलं होतं गं? जिवंत आहे का कोणी?"

"आठवून बघते," ओल्वेन म्हणाली आणि घरी गेली.

आठवायचं काय त्यात. ते डोकं तिचंच होतं. सहाव्या धोंड्यावर पकडणाऱ्याचा हात निसटला आणि तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. रोज सकाळी आरशात तिला तो सहावा धोंडा दिसायचा. ती जागा तिला डोळे मिटून सांगता आली असती. पण आदल्याच गुरुवारी जाइल्स हॅनम दिवाणखान्यात येऊन गेला होता.

"मिसेस प्रीस, तुमचं भाषण मी दारात उभं राहून ऐकतो कधीकधी," तो म्हणाला होता. "फार छान सांगता. काय आहे, पुढच्या हंगामापासून आपण कानाला लावायची यंत्रं आणतोय. माणसं कमी करावी लागणार. पण मी म्हणतो, दिवाणखान्यात जिवंत माणूसच हवं."

"मेहरबानी तुमची."

"रविवारी फेरीला येणार ना? कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने वाट साफ करून ठेवलीये. तुमच्यासारख्यांना तीच सोयीची. आत गवत फार आहे, पाय मुरगळायचा."

बोलणं इतकं साजूक होतं, की त्यातला दम कळायला ओल्वेनला घरी जाऊन किटली चढवावी लागली.

तिने म्युरिलला सांगितलं. म्युरिलने केकचा तुकडा खाली ठेवला.

"गप्प बस," ती म्हणाली. "सात झाडं आहेत गं. तीही आपल्यासारखी म्हातारी, आज ना उद्या आडवी होणार. तुझी खुर्ची गेली तर गुरुवारी करशील काय?"

"तोच तर प्रश्न आहे."

"भिंतीशी बोलशील. मी बघितलंय माझ्या बहिणीला. दोन वर्षांत संपली."

"पण मला ठाऊक आहे ना, म्युरिल. ठाऊक असून गप्प बसायचं?"

"सगळं गाव बसलंय. तुला काय शिंगं फुटलीयेत?"

ओल्वेनने रविवारपर्यंत आणखी कोणाला काही सांगितलं नाही. आपण नुसतं फेरीच्या शेपटाशी चालायचं, असं तिने स्वतःशी ठरवलं. आपण भित्र्या आहोत हेही तिने स्वतःशी कबूल केलं. त्याने तिला बरं वाटलं नाही.

रविवारी साठेक माणसं चर्चपाशी जमली. पांढऱ्या झग्यातल्या पाद्रीणबाई, विलोच्या छड्या, आणि हाउस बघायला आलेले पंचवीसेक पाहुणे, हातात फोन सरसावलेले. मार्क्विस आला तो कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर घालून. आमच्याकडे नवे कपडे नव्या श्रीमंतांनी घालायचे असतात. माणूस पन्नाशीचा, गोलमटोल, हसतमुख. तो वाईट नव्हता. वाईट व्हायला एखाद्या गोष्टीकडे जेवढं लक्ष द्यावं लागतं, तेवढं त्याने आयुष्यात कशाकडेच दिलं नव्हतं.

पहिल्याच धोंड्यापाशी खोळंबा झाला. मुलाचं डोकं आपटायचं तर आईवडिलांची लेखी संमती हवी, डोक्यावर शिरस्त्राण हवं आणि उचलणाऱ्यापाशी उचलण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा, असं पाद्रीणबाईंनी वाचून दाखवलं. तिन्ही गोष्टी कोणाकडे नव्हत्या.

"अहो, मग मलाच आपटा की," मार्क्विस म्हणाला. "तेवढीच गंमत."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमधून गुडघे टेकायची उशी आणली गेली. क्लेमंट आणि लेन बफ्टन पुढे झाले.

"माफ करा लॉर्डसाहेब, उजवा पाय धरू ना?" क्लेमंटने विचारलं.

"धरा, धरा."

"हात गार आहेत माझे, त्याबद्दल माफी असावी," लेन म्हणाला आणि त्याने डावा पाय धरला.

शिवेचा राखणदार उलटा झाला. त्याच्या खिशातून किल्ल्या, रुमाल आणि कुत्र्याची बिस्किटं गवतात पडली. उशी ठेवलेल्या धोंड्यावर त्याचं डोकं तीनदा टेकवलं गेलं. तो लालबुंद होऊन, पोट धरून हसत उठला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा धोंडा असेच झाले. दर वेळी लेन माफी मागायचा आणि दर वेळी टाळ्या पडायच्या. गाव खूश होतं. साहेब किती साधा माणूस आहे, असं जो-तो म्हणत होता, आणि फेरी कशासाठी निघाली आहे हे पाचव्या धोंड्यापर्यंत बहुतेकांच्या डोक्यातून गेलं होतं.

मग कुंपण आलं. पुढे नकाशा घेऊन जाइल्स चालला होता, तो साफ केलेल्या वाटेने डावीकडे वळला. मार्क्विस वळला. पाद्रीणबाई, क्लेमंट, लेन, सगळी साठ माणसं मुकाट डावीकडे वळली. शेपटाला ओल्वेन होती. तिचेही पाय वळले होते.

"सहावा धोंडा राहिला की," कोणी पाहुणा म्हणाला.

"सहावा ना?" मार्क्विस मागे वळून हसला. "तो गेला असेल केव्हाच. पलीकडचे लोक रात्री येऊन घेऊन गेले असतील वेल्सला. काय हो, बरोबर ना?"

सगळे हसले. क्लेमंट हसला, लेन हसला, ज्यांच्या आज्या वेल्सहून आल्या तेही हसले. विनोद काही वाईट मनाने केलेला नव्हता. पण ओल्वेनला तिची आई दिसली, पेटी घेऊन बसमधून उतरणारी. तिने जन्मात या गावातली एक सुईही न विचारता घेतली नव्हती. ओल्वेनच्या कानशिलात रक्त चढलं. भीती गेली नाही, ती होतीच. भीतीच्या वर हा राग येऊन बसला.

"चोरीला नाही गेला, लॉर्डसाहेब," ती म्हणाली. "तुमच्या कुंपणात आहे."

हसू थांबलं. दोघातिघांनी आभाळाकडे बघितलं. पाऊस येईलसं वाटतंय, असं कोणीतरी पुटपुटलं.

"कशावरून म्हणता, मिसेस प्रीस?" जाइल्सने विचारलं. आवाज मऊ होता.

"माझं डोकं आपटलंय त्याच्यावर. बासष्ट साली. नऊ वर्षांची होते."

"साठ वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे... आपण सगळेच गोंधळतो."

"मी नाही गोंधळत." ओल्वेन जाइल्सशी बोलत नव्हती, ती मार्क्विसकडे बघत होती. "उजवा पाय आमच्या बाबांनी धरला होता. डावा तुमच्या आजोबांनी. त्यांचाच हात निसटला. त्यांना फार वाईट वाटलं, स्वतःच्या रुमालाने रक्त पुसलं माझं. हा बघा दात."

तिने ओठ वर करून दात दाखवला. चौदा वर्षं त्याच तोंडाने ती त्याच्या घराण्याचं कवतिक सांगत आली होती. आणि मार्क्विसने, बहुधा पहिल्यांदाच, तिच्याकडे नीट बघितलं.

"आजोबांचे हात सुटायचे खरे," तो म्हणाला. "जाइल्स, उघड बघू फाटक."

"साहेब, आत पाहुणे आहेत. आपण नंतर कधीतरी..."

पण पंचवीस फोन वर झाले होते, आणि चारचौघांत चिडका दिसण्यापेक्षा आमचा उमराव पाय मोडून घेईल. फाटक उघडलं. ओल्वेन पुढे, तिच्यामागे सगळं गाव. ती तिसऱ्या झाडापाशी थांबली नाही, चौथ्यापाशी नाही. पाचव्या झाडाखालच्या तंबूसमोर उभी राहिली आणि काठी टेकली.

"हा," ती म्हणाली.

तंबूच्या लाकडी ओट्यावर चढायला एक पायरी केली होती. पायरी म्हणजेच धोंडा. त्यावर लव्हेंडरची कुंडी. ओट्यावर न्हाणीच्या झग्यात एक जोडपं कॉफी पीत बसलं होतं. समोर साठ माणसं आणि एक पाद्रीणबाई बघून ते दोघं उठून उभे राहिले आणि म्हणाले, माफ करा. गाव म्हणालं, छे छे, आम्हालाच माफ करा. हे दोन्ही बाजूंनी बराच वेळ चाललं.

क्लेमंटने कुंडी उचलून बाजूला ठेवली, वही उघडली आणि गुडघ्यावर बसून धोंड्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं. वहीत लिहिल्याप्रमाणे गावाच्या बाजूला क्रूस होता, हाउसच्या बाजूला मुकुट. मुकुटाचं तोंड तंबूकडे नव्हतंच. तंबू आणि सातही झाडं क्रूसाच्या, म्हणजे गावाच्या बाजूला होती, आणि मुकुट त्यांच्याकडे पाठ करून पलीकडच्या टेकडीकडे बघत होता.

क्लेमंट गुडघे झाडत उठला. त्याला त्या क्षणी पुरावा, कचेरी, नकाशा यातलं काही सुचलं नसावं. त्याला फक्त फेरीचा क्रम सुचला.

"लॉर्डसाहेब," तो म्हणाला, "सहावा."

जाइल्स पुढे झाला. मार्क्विसच्या आधी त्याच्या ध्यानात आलं होतं. "साहेब, नको," तो हळू आवाजात म्हणाला. "इथे नको."

"का रे? पाच झाले. सहाव्याला पळालो तर हे लोक काय म्हणतील?"

आणि मार्क्विस गवतावर आडवा झाला. क्लेमंटने उजवा पाय धरला. लेन बफ्टन डाव्या पायाकडे निघाला होता, तो ओल्वेनपाशी येऊन थांबला आणि बाजूला सरला. एकाहत्तर वर्षांच्या बाईला तो पाय काही पेलवण्यासारखा नव्हता. लेनने मागून हात दिला, पण पाय ओल्वेननेच धरला. एक, दोन, तीन. शिवेच्या राखणदाराने, ऐंशीपंचाऐंशी माणसांदेखत आणि फोनांदेखत, स्वतःच्या डोक्याने शीव मान्य केली.

"आता विसरू नका," ओल्वेन म्हणाली.

तीन आठवड्यांत कुंपण गेलं, तंबू गेले. क्लेमंटने कचेरीला सात पानी अर्ज लिहिला, पण त्याआधीच कोण्या पाहुण्याने टाकलेली ती उलट्या मार्क्विसची चित्रफीत कचेरीतल्या प्रत्येकाने दोनदा पाहिली होती. मार्क्विसने वर्तमानपत्राला सांगितलं, की शीव तिथेच असणार असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं.

ओल्वेनला एक पत्र आलं. जाड, पिवळसर कागद, वर मुकुट. चौदा वर्षांच्या अमोल सेवेबद्दल घराणं तिचं ऋणी आहे. यंत्रं ठरल्यापेक्षा लवकर येत आहेत. यापुढे तिने विश्रांती घ्यावी. पट्टा सवडीने, धुऊन, परत करावा.

तिने पट्टा धुतला, इस्त्री केली आणि म्युरिलच्या हाती पाठवला. त्या गुरुवारी चार वाजता तिने चहा केला, दुकानातला केक कापला आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ती रडली. सात झाडं वाचली होती आणि ते तिला हवंच होतं. पण त्या वेळी तिला झाडं नको होती, तिला तिची खुर्ची हवी होती. जिन्याखालून म्युरिल वर बघून हात करायची, तो हात हवा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकीने दुसरी हलकी झाली नाही.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी गावसभा भरली. खुर्च्या मांडल्या, खिडक्या उघडल्या, मागच्या वेळचं इतिवृत्त वाचलं गेलं. मग क्लेमंट उभा राहिला. कचेरीने गायरान गावाचं ठरवलं आहे, असं त्याने सांगितलं, आणि टाळ्या झाल्या. पुढे तो म्हणाला, "यानिमित्त एक ठराव आहे. सात झाडांसह गायरानाचा भाग उदार मनाने गावाला दिल्याबद्दल ही सभा मार्क्विससाहेबांची आभारी आहे."

"दिल्याबद्दल?" ओल्वेन जागेवरूनच म्हणाली.

"शब्द आहे गं नुसता."

"त्यांचं होतं का ते, द्यायला?"

"ओल्वेन, माणसाने एवढं उलटं लटकून घेतलं," लेन बफ्टन म्हणाला. "आभार तरी मानायला नकोत का? माझं अनुमोदन आहे."

हात वर झाले. खोलीतल्या एकूण एक माणसाचा हात वर झाला. ज्यांनी दोन वर्षं हवामानावर राग काढला त्यांचा, पाद्रीणबाईंचा, लेनचा. मागच्या रांगेत म्युरिलचाही, खांद्याएवढा. ओल्वेनचे दोन्ही हात मांडीवर होते.

क्लेमंटची नजर तिच्यापाशी येऊन थांबली. १८९४ पासूनची ती वही होती. हाउसबद्दलचा प्रत्येक ठराव तिच्यात 'एकमताने' असाच लिहिलेला होता, युद्धात, दुष्काळात, मार्क्विसच्या कुत्र्यांनी मेंढ्या मारल्या त्या सालीसुद्धा. क्लेमंट मनाचा चांगला. त्याने ओल्वेनला वाट करून दिली.

"खांदा दुखतोय का गं?" तो म्हणाला. "राहू दे. तुझा हात वर आहे असं धरतो मी."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित वर्षाभराने कोणी तिच्यासाठी हाउसमध्ये शब्दही टाकला असता.

"खांदा ठणठणीत आहे माझा," ओल्वेन म्हणाली.

कोणीतरी खिडकी आणखी थोडी उघडली. उकडतंय खरं, असं कोणी म्हणालं.

"मग... मी लिहू काय?" क्लेमंटने विचारलं. तो खरोखरच विचारत होता.

"विरोधात एक, असं लिही. आणि पुढे माझं नाव."

"नाव लिहायची पद्धत नाही."

"लिही रे."

क्लेमंटने पेनाचं टोपण काढलं. त्याने लिहिलं, शाई वाळू दिली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं: ठराव संमत, विरोधात एक, ओल्वेन प्रीस. वाचून त्याने वही मिटायला घेतली.

"थांब," मागून आवाज आला. म्युरिल टेंच उभी राहिली होती. तिच्या खांद्यावर हाउसचा निळा पट्टा होता, ती थेट कामावरून आली होती. तिने तो काढला, घडी केली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. "दोन कर," ती म्हणाली.

क्लेमंटने पुन्हा टोपण काढलं.